गुडघ्याची बाहेरची बाजू दुखतेय? आयटी बँडच्या दुखण्याचं कारण कसं शोधायचं

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. पळायला सुरुवात केली की पहिले दोन-तीन किलोमीटर काहीच नाही, मजेत चाललंय, आणि मग गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला टोचल्यासारखं सुरू होतं, अजून थोडं रेटलं की जळजळायला लागतं आणि शेवटी गुडघा वाकवायचीच धास्ती बसते म्हणून माणूस पाय ताठ ठेवून लंगडत परत येतो. चालताना बरं वाटतं. पाच मिनिटं थांबलं की वाटतं गेलं, परत पळायला घेतलं की शंभर-दोनशे मीटरवर हजर. जिना चढताना फारसं नाही, उतरताना मात्र चावतं.

ह्याला आयटी बँड (म्हणजे इलिओटिबियल बँड) सिंड्रोम म्हणतात आणि पळणाऱ्यांच्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखण्याचं हे सगळ्यात कॉमन कारण आहे, सायकलवाल्यांनाही होतं. नाव कळलं की लोक लगेच फोम रोलर, म्हणजे स्नायू चोळायचं फोमचं जाड लाटणं, आणतात आणि मांडीच्या कडेवर दात-ओठ खात लोळत बसतात. आठवडाभर आराम, दोन आठवडे रोलर, परत पळायला सुरुवात, परत तिसऱ्या किलोमीटरला तेच. कारण मुळात शोधलेलंच नसतं. दुखतं गुडघ्यापाशी, पण कारण बहुतेक वेळा मागच्या महिना-दीड महिन्याच्या पळण्याच्या नोंदींमधे नाहीतर खुब्यात सापडतं. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा, मधली उडी मारू नका.

आधी हा बँड आहे तरी काय

खुब्याच्या वर, कमरेच्या हाडाच्या कडेपासून निघून मांडीच्या बाहेरच्या बाजूने खाली येणारा जाड चिवट पट्टा. वरच्या टोकाला त्याला दोन स्नायू येऊन मिळतात, पुढून टीएफएल नावाचा छोटा स्नायू आणि मागून ग्लूटियस मॅक्सिमस म्हणजे कुल्ल्याचा मोठा स्नायू. खाली हा पट्टा गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला एका उंचवट्यावर चिकटतो. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, हा पट्टा मांडीच्या हाडाला वाटेत लांबवर बांधलेला असतो, गुडघ्याच्या वरही घट्ट. म्हणजे तो मोकळा लटकणारा पट्टा नाही.

१९७५ मधे अमेरिकेच्या मरीन सैनिकांच्या ट्रेनिंगमधल्या केसेसवरून ह्या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन झालं तेव्हा समज असा होता की गुडघा वाकताना-सरळ होताना पट्टा हाडाच्या उंचवट्यावरून पुढे-मागे घासतो. पुढे २००६ च्या सुमाराला शरीररचनेचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलं की पट्टा असा सरकतच नाही, त्याच्या पुढच्या आणि मागच्या तंतूंवर आळीपाळीने ताण येतो म्हणून सरकल्यासारखा भास होतो, आणि खरं दुखतं ते पट्ट्याच्या खालच्या चरबीच्या थराला, ज्यात भरपूर नसा असतात आणि जो पट्टा आणि हाडाच्या मधे दाबला जातो. हा दाब गुडघा साधारण ३० अंश वाकलेला असताना सगळ्यात जास्त. पळताना पाय जमिनीला टेकल्यावर लगेच गुडघा ह्याच कोनातून जातो, प्रत्येक पावलाला. हा ३० चा आकडा लक्षात ठेवा, पुढची निम्मी कारणं ह्याच्यावरून समजतात.

पायरी १: दुखणं खरंच आयटी बँडचंच आहे का

खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात. वाटीच्या खालच्या टोकाच्या बाजूला बाहेरच्या अंगाने बोट फिरवलं की एक खाच लागते, तिथून बाहेर-मागे जाणारी रेघ म्हणजे सांध्याची रेघ. त्या रेघेपासून वर साधारण दोन-तीन सेंटीमीटरवर मांडीच्या हाडाचा टणक उंचवटा लागेल. त्याच्यावर अंगठा दाबून ठेवा आणि पाय हळूहळू सरळ करा. पूर्ण सरळ व्हायच्या थोडं आधी, त्या ३० अंशाच्या आसपास, नेमकं तेच ओळखीचं दुखणं उमटलं तर आयटी बँडची शक्यता बरीच आहे. ह्याला नोबल टेस्ट म्हणतात, फिजिओही हेच करतात. दुसऱ्या गुडघ्यावर पण करून बघा, कारण जोरात दाबलं तर कुणालाही थोडं दुखतंच, फरक महत्त्वाचा.

आता दुखण्याची जागा वेगळी असेल तर गोष्टही वेगळी. बोट सांध्याच्या रेघेवरच जात असेल, गुडघा अडकतो, आत कट्कन होतं, सूज आहे, तर बाहेरच्या गादीची म्हणजे मेनिस्कसची शंका घ्या. वाटीच्या मागे-भोवती दुखतंय आणि फार वेळ बसल्यावर वाढतंय तर ते वाटीचं दुखणं. गुडघ्याच्या मागे-बाहेर दोरीसारखी जी हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या स्नायूची) शीर हाताला लागते ती दुखत असेल तर तो तिसराच प्रकार. कमरेपासून खाली झिणझिण्या, बधीरपणा येत असेल तर गुडघ्याशी खेळत बसू नका, कंबर दाखवा. आणि खुब्याच्या बाहेरच्या हाडावर दुखतंय, त्या कुशीवर झोपवत नाही, असं असेल तर तेही वेगळं दुखणं आहे, त्याचे उपायही वेगळे.

हे सगळं सोडून थेट डॉक्टरकडे कधी जायचं तेही इथेच सांगतो: पडल्यावर किंवा पाय मुरगळल्यावर दुखणं सुरू झालं, गुडघा चांगलाच सुजला, पायावर वजनच टाकता येत नाही, रात्री झोपेतही ठणकतंय, हाडावर एका बिंदूला दाबलं की जीव जातो, ताप आहे. आयटी बँडमुळे गुडघा फुगत नाही, हे पक्कं धरा.

पायरी २: डायरी उघडा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची. घड्याळातली, ॲपमधली, कुठली असेल ती नोंद काढा आणि दुखणं सुरू झालं त्या दिवसापासून मागे सहा आठवडे कागदावर उतरवा. प्रत्येक आठवड्याचे एकूण किलोमीटर, सगळ्यात लांब रन किती, सलग दिवस किती, उताराचे रस्ते किती, नवीन काय सुरू केलं.

बघायचं काय? तर उडी. समजा कुणी आठवड्याला २५ किलोमीटर पळत होतं आणि स्पर्धा जवळ आली म्हणून दोन आठवड्यांत ४० वर गेलं, तर पुढे काही शोधायची फारशी गरजच नाही. पण बऱ्याचदा एकूण आकडा शांत दिसतो आणि उडी आत लपलेली असते. आठवड्याचे ३० च आहेत पण आधी ते पाच दिवसांत वाटलेले होते, आता त्यातले १८ एकट्या रविवारी. किंवा किलोमीटर तेच पण रस्ता बदलला, सपाट सोडून टेकडी घेतली. किंवा आजारपणामुळे, प्रवासामुळे दोन-तीन आठवडे सुट्टी झाली आणि परत आल्यावर जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं, डोक्याने मान्य केलं पण खुब्याच्या स्नायूंनी नाही केलं. पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना हे दुखणं लांब रन वाढायला लागले की गाठतं त्यात काही नवल नाही, कारण थकलेला खुबा आणि तीच एक हालचाल हजारो वेळा, हे दोन्ही तिथे एकत्र येतं.

आणि फक्त पळणंच मोजू नका. त्याच आठवड्यात मोठा ट्रेक झाला, जिममधे लंजेस नव्याने सुरू केले, दिवसभर उभं राहायचं काम आलं, हे सगळं त्याच पायांनी केलंय. लिहा तेही.

पायरी ३: रस्ता बघा

उतार हा पहिला संशयित. उतारावर पाय टेकतो तेव्हा गुडघा जास्त सरळ असतो, त्यामुळे तो त्या ३० अंशाच्या आसपास जास्त वेळ राहतो आणि वर शरीराला ब्रेक लावायचं काम वेगळं. म्हणूनच ट्रेकवाल्यांचं चढताना काही नसतं आणि उतरताना गुडघा बोंबलतो.

गंमत म्हणजे फार हळू पळण्यातही हाच घोटाळा आहे. जोरात पळताना पाय टेकतानाच गुडघा जास्त वाकलेला असतो, ३० च्या पुढे, त्यामुळे कित्येकांना रमतगमत जॉगिंग केलं की दुखतं आणि वेगात पळालं की दुखत नाही. लोकांना हे पटत नाही, त्यांना वाटतं हळू म्हणजे सेफ. इथे तसं नसतं.

मग रस्त्याचा कडेकडचा उतार. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला खाली असतो, तुम्ही रोज एकाच बाजूने पळत असाल तर एक पाय रोज खाली पडतो, एक वर. ट्रॅकवर नेहमी एकाच दिशेने फेऱ्या मारणं हाही त्याच जातीचा प्रकार. उपाय सोपा आहे, बाजू बदला, दिशा बदला, शक्य असेल तिथे सपाट भाग धरा. रस्त्यावर बाजू बदलताना गाड्यांचं भान ठेवा एवढंच.

पायरी ४: खुबा तपासा, मोबाईल लावून

एका पायावर उभं असताना ओटीपोटाचा भाग, म्हणजे पेल्विस, सपाट धरून ठेवायचं काम खुब्याच्या बाजूचे स्नायू करतात, मुख्य म्हणजे ग्लूटियस मेडियस. पळणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारणंच आहे, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर कधीच नसतात. हा स्नायू थकला की ज्या पायावर उभे आहात त्याच्या विरुद्ध बाजूचा पेल्विस खाली झुकतो, मांडी आत वळते, गुडघा आत येतो आणि बाहेरचा पट्टा ताणला जाऊन खालच्या चरबीवर दाबला जातो. सगळी साखळी ही अशी आहे.

बघायचं कसं: साधारण १५-२० सेंटीमीटरची पायरी घ्या, मोबाईल समोर कमरेच्या उंचीला ठेवून व्हिडिओ लावा, शॉर्ट्स घाला म्हणजे गुडघे दिसतील, आणि शॉर्ट्सचा वरचा इलास्टिक दोन्हीकडे सारख्या उंचीवर सरळ करून घ्या. एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूच जमिनीला टेकवायची आणि परत वर यायचं, दहा वेळा. मग दुसरा पाय. आता व्हिडिओ बघताना गुडघ्याकडे नंतर बघा, आधी त्या इलास्टिकच्या रेघेकडे बघा. पहिल्या तीन वेळा बहुतेकांची रेघ सरळच असते. सातव्या-आठव्यापासून ती एका बाजूला कलते का, गुडघ्याची वाटी पायाच्या अंगठ्याच्याही आत जाते का, धड बाजूला झुकतं का. दुखऱ्या आणि चांगल्या पायात फरक दिसला की तुमच्या हाती काहीतरी लागलं. शक्य असेल तर हाच व्हिडिओ लांब रन झाल्या-झाल्या परत काढा (दुखत नसेल तेवढंच अंतर पळून), ताज्या पायांचा आणि थकलेल्या पायांचा फरक तेव्हा कळतो.

ह्या बाबतीत जास्त सांगितला जाणारा अभ्यास २००० सालचा, २४ लांब पल्ल्याच्या धावपटूंचा. त्यांच्या दुखऱ्या बाजूचा खुबा कमजोर निघाला आणि सहा आठवडे खुब्याचे व्यायाम केल्यावर २२ जण दुखणं न येता पळायला लागले. पण त्यात व्यायाम न करणाऱ्यांचा गट तुलनेला नव्हता, आणि नंतरच्या सगळ्या अभ्यासांत इतका साफ निकाल आलेला नाही, काहींत खुबा कमजोर निघालाच नाही. माझं मत विचाराल तर खुबा हे एकमेव कारण धरू नका, पण व्यायाम करून तोटा काहीच नाही म्हणून करा.

पायरी ५: पावलं

मित्राला मागून व्हिडिओ काढायला सांगा. पाय टेकताना दोन्ही पावलं एकाच रेषेवर पडतायत का, किंवा चक्क एकमेकांची रेघ ओलांडतायत का? असं अरुंद पाऊल पडलं की पट्ट्यावर ताण वाढतो. पावलं जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर बाहेर टाकायची, जमिनीवर एक रेघ आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाय पडतायत असं मनात धरायचं. जास्त नको, बदकासारखं दिसायला लागलं की समजा जास्त झालं.

दुसरं कॅडन्स, म्हणजे मिनिटाला किती पावलं. वेग तोच ठेवून पावलं ५ ते १० टक्के वाढवली की पाऊल आपोआप शरीराच्या जवळ पडतं आणि खुब्यावरचा-गुडघ्यावरचा भार कमी होतो. तुमची १६० पडत असतील तर १६८ चा मेट्रोनोम (ठरलेल्या तालात टिकटिक करणारं ॲप) लावून बघा. १८० च पाहिजेत असं काही नाही, तो आकडा लोकांनी उगाच डोक्यावर बसवून घेतलाय.

सायकलवाल्यांसाठी

तुमची डायरी बघून झाली की सीट बघा. सीट फार उंच किंवा फार मागे असेल तर पेडल खाली असताना गुडघा जास्त सरळ होतो आणि पट्टा ताणला जातो. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात साधारण ३० ते ३५ अंशाचा वाक राहिला पाहिजे. सीट खाली घ्यायची असेल तर एकदम नको, दोन-तीन मिलिमीटर, मग दोन-तीन राइड, मग परत. क्लीटवाले, म्हणजे पेडलमधे अडकणारे शूज वापरत असाल तर पायाची बोटं जास्त आत वळलेली नाहीत ना ते बघा, कारण पाय एकदा त्यात अडकला की गुडघ्याला निवड उरत नाही.

शूज, पायाची लांबी वगैरे

शूज बाहेरच्या कडेला झिजलेत, सोल एका बाजूला बसलाय, तर बदला. नव्या वेगळ्या जातीच्या शूजवर उडी मारल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल तर काही दिवस जुन्या प्रकारावर परत जा. दोन पायांच्या लांबीत थोडाफार फरक पुष्कळ जणांना असतो आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही, त्यामुळे स्वतःच मोजून टाचेखाली पॅड घालू नका. धनुष्यासारखे बाहेर वाकलेले पाय असतील तर बाहेरच्या बाजूला ताण जास्त येतो हे खरं, पण ते आपण बदलू शकत नाही, किलोमीटर सांभाळू शकतो.

रोलर आणि स्ट्रेचिंगबद्दल

हा पट्टा रोलरने सैल होत नाही. दोरखंडावर लाटणं फिरवून तो लांब होईल अशी अपेक्षा करण्यासारखं आहे ते. त्याला जराही दाबून आकार बदलायला जेवढा जोर लागतो तेवढा माणसाच्या वजनाने येत नाही, आणि वर सांगितलं तसं तो हाडाला बांधलेलाच आहे. रोलर फिरवल्यावर बरं वाटतं ते खरं, पण ते आजूबाजूचे स्नायू सैलावल्यामुळे आणि थोडा वेळ नसांची तक्रार कमी झाल्यामुळे. मग फिरवायचाच तर कुल्ल्यावर, खुब्याच्या पुढच्या खळग्यात जिथे टीएफएल आहे तिथे आणि मांडीच्या पुढच्या बाजूला फिरवा. गुडघ्याच्या दुखऱ्या बिंदूवर अजिबात नको, आधीच दाबली गेलेली चरबी अजून दाबून काय मिळणार.

बँड टाइट आहे हे ठरवायला कुशीवर झोपवून ओबर टेस्ट करतात, ती १९३६ च्या सुमाराची. पण मृतदेहांवर पट्टा कापूनही टेस्टच्या निकालात फरक पडला नाही असं नंतर दिसलं. त्यामुळे कुणी "तुमचा बँड टाइट आहे" म्हणालं तर फार मनावर घेऊ नका.

कारण सापडलं, आता काय करायचं

पहिले आठ-दहा दिवस दुखणं सुरू करणारी गोष्ट बंद. पूर्ण झोपून राहायची गरज नाही, सपाटीवर चालणं, पोहणं, जे दुखत नाही ते चालू ठेवा. दुखऱ्या जागेवर कपड्यातून १०-१५ मिनिटं बर्फ, दिवसातून दोन-तीनदा. गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरला विचारून, आणि गोळी घेऊन पळायला जाणं हा प्रकार करूच नका, दुखणं कळलं नाही की थांबायचं कधी तेही कळत नाही.

व्यायाम दोनच सांगतो, नीट केले तर पुरतात. पहिला कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. दिसायला सोपा, चुकतो सगळ्यांचा. भिंतीला पाठ लावून झोपा, वरच्या पायाची टाच भिंतीला चिकटलेली, बोटं किंचित जमिनीकडे, आणि टाच भिंतीवरून घसरवत वर न्या. पाय पुढे आला की टीएफएल काम चोरून नेतो आणि ज्याला काम द्यायचंय तो स्नायू बसून राहतो. बरोबर होत असेल तर जळजळ कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात लागेल, खुब्याच्या पुढे लागली तर पाय मागे घ्या. दुसरा, पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून गुडघा सरळ ठेवत दुसऱ्या बाजूचा पेल्विस खाली सोडायचा आणि परत वर उचलायचा. दोन्ही १५ च्या एका सेटपासून सुरू करा, हळूहळू ३० चे तीन सेट. एक दिवस सोडून केले तरी चालतील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पायरीवरून उतरायची ती टेस्टच व्यायाम म्हणून करा, आरशासमोर.

परत पळायला कधी? जिना उतरताना दुखत नाही आणि अर्धा तास झपझप चालून काही होत नाही तेव्हा. सपाट रस्ता, एक दिवसाआड, एक मिनिट पळणं एक मिनिट चालणं असं दहा वेळा, आणि पळायचं ते थोडं चपळ, रेंगाळत नाही, कारण वर सांगितलेलंच. दुखणं येणार अशी चाहूल लागली की तिथेच थांबून चालत घरी, "एवढा एक किलोमीटर संपवतो" नको. हे दुखणं रेटून जात नाही, दर वेळी थोडं लवकर यायला लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून बघा, ठीक असेल तर पुढच्या वेळी पळण्याची मिनिटं वाढवा. बहुतेकांचं सहा-आठ आठवड्यांत रुळावर येतं, काहींना जास्त लागतात. आधी अंतर वाढवा, मग सलग दिवस, आणि उतार सगळ्यात शेवटी.

सहा-आठ आठवडे हे सगळं प्रामाणिकपणे करूनही तिसऱ्या किलोमीटरला तसंच चावत असेल तर स्पोर्ट्सवाल्या डॉक्टरला किंवा फिजिओला गाठा आणि जाताना ती डायरी आणि दोन्ही व्हिडिओ घेऊन जा. गरज पडली तर एमआरआय करून गादी वगैरे ठीक आहे ना ते बघतात, कधीकधी आतला दाह कमी करायला त्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. ऑपरेशनपर्यंत फार म्हणजे फार थोड्या लोकांना जावं लागतं.